खणलं की सापडणारं गाव

दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर वरोरा मागे पडलं की एक स्टेशन लागतं, भांदक. उतरून बाहेर आलं की दुकानांच्या पाट्यांवर मात्र भद्रावती. दोन्ही नावं एकाच गावाची. चंद्रपूर इथून पंचवीसेक किलोमीटर. ताडोब्याला निघालेल्या गाड्या बहुतेक इथे थांबत नाहीत. वाघाच्या ओढीनं माणसं एक अख्खं प्राचीन नगर ओलांडून जातात, याचं खरोखर वाईट वाटतं.

या गावाची जमीन रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२चा ताम्रपट इथेच मिळाला. एका सूर्यमंदिराला गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रानात पार्श्वनाथांची काळी मूर्ती सापडली. एका भाविकाला ती आधी स्वप्नात दिसली, अशी श्रद्धा आहे. म्हणून ते स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथ. आज तिथे भव्य मंदिर आहे आणि देशभरातले जैन यात्रेकरू येतात.

पण पहिला मान विजासनच्या लेण्याचा. गावाला लागूनच असलेल्या टेकडीत सुमारे ७१ फूट लांबीचा एक सरळ बोगदा आत जातो आणि त्याच्या टोकाशी गाभाऱ्यात बुद्ध बसलेले आहेत. डावी-उजवीकडे आणखी दोन दालनं फुटतात, त्यांच्याही टोकाशी गाभारे. अजिंठ्यासारखी चित्रं इथे नाहीत. उन्हातून आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि अंधारातून हळूहळू मूर्ती उमटते. ते पाहायला वेळ काढूनच यावं.

एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आला. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगानं सातव्या शतकात वर्णन केलेली कोसल देशाची राजधानी हीच, असं त्याचं मत झालं. पुढे अनेक अभ्यासकांनी तो मान छत्तीसगडच्या सिरपूरला दिला. राजधानीचा वाद काहीही असो, डोलारा तलावातला दगडी पूल समोर उभा आहे. जाड खांबांच्या दोन रांगा, त्यांवर आडव्या टाकलेल्या तुळया, आणि पलीकडे पाण्यातलं बेट. लांबी १३६ फुटांच्या आसपास, रुंदी जेमतेम सात.

गावाचं ग्रामदैवत भद्रनाग. नागपंचमीला त्याच्या देवळात पंचक्रोशी लोटते. देऊळ जुन्या मंदिरांच्या दगडांतून उभं राहिलंय. भिंतीकडे नीट पाहिलं तर मूळच्या जागेवरून निघालेलं कोरीव काम ओळखू येतं. जवळच गवराळ्याचा वरदविनायक आहे, आणि गावात किल्ल्याची तटबंदी.

नव्या काळानंही इथली जमीनच धरली. तालुक्यात माजरीला कोळसा निघतो. आयुध निर्माणीची वसाहत झाडीत वसली आहे आणि तिच्या आवारात वाघ फिरल्याच्या बातम्या गावाला नव्या नाहीत. याच मातीवर कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गांधीविचारानं ग्रामोदय संघ उभा केला. कुंभाराच्या हातातलं कसब टिकावं, त्याला सुधारलेली भट्टी आणि तंत्र मिळावं, हा त्यामागचा ध्यास. दूरदूरच्या कुंभारांनी इथे येऊन प्रशिक्षण घेतलं.

ताडोब्याला जाताना अर्धा दिवस राखावा. सकाळी आधी विजासन, आणि ऊन तापायच्या आत डोलाऱ्याचा पूल.