रस्ता चांगला असतानाच

साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका राज्यमार्गावर मार्चमध्ये काम चालू होतं आणि मोटरसायकल थांबवून लोक एकच सांगत होते, “आवं, ह्यो रस्ता चांगलाय की! फुडं खड्डं पडल्यात, तिकडं जावा.” कामावरच्या कनिष्ठ अभियंता मॅडम उन्हात उभ्या राहून प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होत्या. “चांगलाय म्हणूनच करतोय, दादा. फुटल्यावर याचा उपयोग नाही.” काहींना पटत होतं, बरेच जण मान हलवून पुढे जात होते.

मला ते पटलं रस्त्यावर ओणवं होऊन पाहिल्यावर. लांबून काळा, सलग दिसणारा थर जवळून राखाडी पडला होता. बोटांनी घासलं की कच सुटून हाताला येत होती, मधूनमधून बारीक भेगा होत्या. ही झीज गाड्यांपेक्षा उन्हाची आणि हवेची जास्त. नवं डांबर चाकाखाली दबतं आणि पुन्हा जागेवर येतं. हवेतला ऑक्सिजन शोषून ते वर्षागणिक कडक होतं आणि कडक डांबर ताण आला की तडकतं. हा बदल वरच्या काही मिलिमीटरमध्ये सगळ्यात जास्त होतो. तोवर खालचा रस्ता ठणठणीत असतो.

खरी गडबड होते ती पाणी आत गेल्यावर. डांबराखाली खडी, खडीखाली मुरूम आणि या भागात बऱ्याच ठिकाणी तळाशी काळी माती, पाण्याने फुगणारी आणि उन्हात आकसणारी. भिजलेल्या थरावरून उसाने भरलेली ट्रॉली गेली की आतलं पाणी दाबाखाली बारीक माती घेऊन भेगेतून वर येतं. प्रत्येक चाकाबरोबर थोडी माती जाते आणि खडीचा आधार सुटत जातो. म्हणूनच डांबरी रस्ता आधी बरीच वर्षं सावकाश उतरतो आणि मग एक-दोन पावसाळ्यांत कोसळतो. खड्डा दिसेपर्यंत बिघाड खाली पोचलेला असतो. आपल्याकडे पावसाआधी घर शाकारत, वासा कुजेपर्यंत कुणी थांबत नसे. रस्त्याच्या बाबतीत मात्र वासा कुजल्याशिवाय पैसे मंजूर होत नाहीत आणि तेव्हा लागणारे पैसे कैकपटींनी जास्त असतात. सगळे जिल्हा रस्ते सिमेंट काँक्रीटचे करा, असं म्हणणं सोपं आहे. तेवढा पैसा कुठल्याच जिल्ह्याकडे नाही. आहे ते डांबर टिकवणं हाच शहाणपणाचा खर्च आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटला तो यंत्र येण्याआधीचा भाग. सकाळी टँकरने रस्त्यावर पाणी शिंपडलं आणि सगळे थांबले. पृष्ठभाग आधी वाळतो, भेगेतली ओल मागे राहते. त्यामुळे एरवी न दिसणाऱ्या भेगा काळ्या रेघांनी उमटल्या. मुकादम खडू घेऊन चालू लागले. गँगमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. एकेरी, सुट्या भेगांवर ते एक खूण करत. चाकांच्या पट्ट्यात एकमेकींना मिळून जाळी झाली असेल तिथे दुसरी. एका ठिकाणी ते उकिडवे बसले. भेगेच्या काठावर मातकट पांढुरका डाग होता. “हिथनं माती वर आलीय,” ते म्हणाले. मॅडमनी वाकून पाहिलं. “मामा, हा तुकडा सोडा. इथं खोदावंच लागेल.”

खालचा रस्ता कितपत मजबूत आहे, हे मोजायला बेंकेलमन बीम नावाचं साधन आहे. मागच्या आसावर ८.१७ टन भार घेतलेला ट्रक उभा करायचा, जोडचाकांच्या मध्ये लांब दांडीचं टोक टेकवायचं आणि ट्रक पुढे सरकल्यावर दबलेला रस्ता किती वर येतो ते डायलवर वाचायचं. उत्तर मिलिमीटरच्या अंशांत येतं. इथली मोजणी आधीच झाली होती आणि तिच्यावरूनच रस्ता निवडला होता. पण ती मोजणी ठरावीक अंतरांवर होते, मामांचा खडू मात्र सलग चालतो.

३ मिलिमीटरपेक्षा रुंद भेगा हवेच्या झोताने साफ करून भरल्या गेल्या. पूर्ण रस्ता झाडून घेतला, कारण धुळीवर काहीच चिकटत नाही. मग मशिन आलं.

हे मशिन जुन्या डांबरावर जो पातळ थर पसरतं त्याला मायक्रोसरफेसिंग म्हणतात. हे तंत्र जर्मनीतलं. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी २००८ मध्ये ‘एसपी ८१’ ही मार्गदर्शिका काढली आणि २०१४ मध्ये ती सुधारली. इथे साइटवर काहीच तापवत नाहीत. डांबराचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवलेलं इमल्शन, त्यात पॉलिमर. सोबत बारीक खडी आणि कच, थोडं सिमेंट आणि पाणी. थेंबांवर धन भार असतो, खडीच्या पृष्ठभागावर ऋण. गाठ पडली की डांबर खडीला धरतं आणि पाणी बाहेर पडतं. हे फार लवकर झालं तर माल मशिनमध्येच गोळा होतो, म्हणून दुपारच्या उन्हात वेग आवरणारं रसायन वाढवावं लागतं. ठेकेदाराचा ऑपरेटर दर काही वेळाने स्टीलच्या वाडग्यात थोडा माल कालवून, घड्याळ लावून बघत होता. कचीत चिकणमाती निघाली तर हे गणित बिघडतं. त्यासाठी काचनळीत द्रावण घालून कच हलवून ठेवली होती. वाळू तळाशी बसते, मातीचा पट्टा वर राहतो आणि तो किती जाड आहे ते मोजतात.

मशिनमागे एका लेनच्या रुंदीचा बॉक्स ओढला जातो आणि त्याच्या मागे ओलं गोणपाट. माल पडतो तेव्हा तपकिरी असतो. बॉक्सच्या कडांना दोघे जण रबरी फळ्या घेऊन सांधा जुळवत होते. मोठा दगड अडकला तर मागे लांबच लांब चरा उठतो, तो त्याच क्षणी बुजवला तरच बुजतो. हळूहळू तपकिरी रंगात काळे ठिपके आले आणि मग सगळा थर काळा झाला. मामांनी कागद दाबून उचलला. त्यावर स्वच्छ पाणी होतं, तपकिरी डाग नव्हता. थर प्रकाराप्रमाणे ४ ते ८ मिलिमीटर. रोलर फिरला नाही आणि दोनेक तासांत त्यावरून एसटी गेली.

एवढ्या पातळ थराने रस्त्याची ताकद वाढत नाही. तो पाणी अडवतो, जुन्या डांबराला ऊन आणि हवा लागू देत नाही आणि टायरला पकड देतो. त्याच्याकडून याहून जास्तीची अपेक्षा धरणारे जाळीदार भेगांवर तो पसरतात, पहिल्या पावसात भेगा पुन्हा वर येतात आणि मग पद्धतच वाईट ठरते. चांगल्या तंत्राची अशी बदनामी बघताना वाईट वाटतं.

आणि साइडपट्टी! गवत आणि साचलेला मुरूम मिळून ती डांबरापेक्षा उंच झाली की पाणी रस्त्याच्या कडेलाच थांबतं. पूर्वी मैलकुली ती तासून ठेवत. आता ते फारसे दिसत नाहीत आणि त्यांचं काम कुठलंच मशिन आपणहून करत नाही. इथे मात्र गँगने दोन्ही बाजू तासून बाहेरच्या दिशेने उतार काढला. ते करतानाच सोडलेल्या तुकड्याच्या बिघाडाचं कारण सापडलं. शेजारची मोरी गाळाने आणि पाचटाने गच्च भरली होती आणि पाणी तिच्यातून जाण्याऐवजी रस्त्याखालून वाट काढत होतं. तो तुकडा पावसाआधी खोदून नवा भरायचं ठरलं. त्याआधी मोरी मोकळी करायला मामांनी चार माणसं लावली.