लिव्हरचा आजार आणि कोर्टिसॉलचा फसवा आकडा

सिरोसिसच्या पेशंटला थकवा असतो, अन्नावर वासना नसते, रक्तदाब खाली असतो, सोडियम घटलेले असते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून कोर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडू लागले, तरी हेच सारे दिसते. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून काही ठरवता येत नाही. मग रक्त तपासले जाते आणि गोंधळ वाढतो.

गैरसमज : कोर्टिसॉल कमी आले, म्हणजे ग्रंथी निकामी झाली.

वस्तुस्थिती : रक्तातले सुमारे ९० टक्के कोर्टिसॉल प्रथिनांना चिकटून फिरते. त्यातले बहुतेक एका खास वाहक ग्लोब्युलिनला आणि थोडे अल्ब्युमिनला चिकटते. पेशींवर काम करते ते उरलेले, मोकळे कोर्टिसॉल. ही दोन्ही प्रथिने यकृतात तयार होतात, आणि सिरोसिसमध्ये ती घटतात. नेहमीची तपासणी मात्र चिकटलेले आणि मोकळे एकत्रच मोजते. गाड्याच कमी सुटल्या तर गाड्यांमधली माणसे कमी भरणारच. तेवढ्याने गावातली माणसे घटली असे होत नाही.

अ‍ॅड्रिनल ग्रंथीला चालना देणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाच्या चाचणीलाही हीच अडचण येते. त्याचे २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी कोर्टिसॉल मोजतात. कोर्टिसॉल पुरेसे मानण्याची १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही जुनी रेघ, नव्या नेमक्या पद्धतींत ती आणखी खाली येते. पण या रेघा प्रथिने शाबूत असलेल्यांना लागू पडतात. अल्ब्युमिन बरेच उतरलेल्या माणसाला त्याच रेघेने मोजणे मला अन्यायाचे वाटते. मोकळे कोर्टिसॉल थेट मोजणे महाग आहे, आणि ती सोय फार थोड्या ठिकाणी मिळते. लाळेतले कोर्टिसॉल मोकळ्याचा अंदाज देते, पण हिरड्यांतून रक्त येत असेल तर तोही चुकतो.

गैरसमज : मग ही कमतरता निव्वळ कागदावरची.

वस्तुस्थिती : तसेही नाही. कोर्टिसॉल कोलेस्टेरॉलपासून बनते आणि सिरोसिसमध्ये एचडीएल कोलेस्टेरॉल घटते, म्हणजे कच्चा मालच अपुरा पडू शकतो. जंतुसंसर्गात किंवा रक्तस्रावात गरज एकदम वाढते, तेव्हा ग्रंथी खरोखर मागे पडू शकते.

गैरसमज : कमी आले तर स्टेरॉइड द्यावे, बिघडले कुठे?

वस्तुस्थिती : बिघडू शकते. सिरोसिस आणि सेप्टिक शॉक असलेल्या ७५ रुग्णांवर सौदी अरेबियात झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडने रक्तदाब आधी सावरला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. उलट पोटातला रक्तस्राव वाढला. म्हणून हा निर्णय आकड्यावर सोडू नये. तो पेशंटची एकूण अवस्था पाहून हार्मोनतज्ज्ञ आणि लिव्हरतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा.

ज्यांचे स्टेरॉइड आधीपासून चालू आहे, त्यांनी ते मनाने अचानक बंद करू नये. तपासणीपूर्वी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, दम्याचे पंप, सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या, सगळे डॉक्टरांपुढे ठेवावे. प्रेडनिसोलोन काही तपासण्यांत कोर्टिसॉल म्हणूनच मोजले जाते आणि खरी कमतरता झाकून टाकते.