टेनिस कोर्टवरचे इंग्रजी : मोजके शब्द, नेमका उच्चार

टेनिसमध्ये गुण केवळ रॅकेटने मिळत नाही. तो मोठ्याने उच्चारावाही लागतो. दूरचित्रवाणीवरील सामन्यांत हे काम उंच खुर्चीवरील पंच करतात. विम्बल्डनमध्ये तर २०२५ पासून रेषेवरील पंचांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली आहे. क्लब पातळीवरील आणि कनिष्ठ गटाच्या असंख्य सामन्यांत मात्र कोर्टवर स्वतंत्र पंच नसतो. तेथे निर्णय खेळाडूंनीच द्यायचा असतो आणि तोही इंग्रजीतून. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा फोरहँडमध्ये कमी नसतो. पण हाक द्यायला तो कचरला, तर हातचा गुण गमावू शकतो.

गुणांची भाषा

सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी सांगायचे, हा पहिला नियम. त्यामुळे 'फॉर्टी-लव्ह' म्हणजे सर्व्हिस करणारा गेम जिंकण्याच्या उंबरठ्यावर, तर 'लव्ह-फॉर्टी' म्हणजे तोच संकटात. शब्द तेच, क्रम उलटला की अर्थही उलटतो. 'लव्ह' म्हणजे शून्य. समान गुणांना 'फिफ्टीन ऑल', 'थर्टी ऑल' म्हणतात. चाळीसवर बरोबरी झाली की मात्र 'ड्यूस'. हा शब्द फ्रेंचमधील 'दोन' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, कारण तेथून सलग दोन गुण जिंकल्याशिवाय गेम मिळत नाही. त्यातला पहिला गुण म्हणजे 'ॲडव्हान्टेज'. टायब्रेकमध्ये मात्र पंच एक, दोन, तीन असे सरळ आकडे उच्चारतात आणि शून्याला 'लव्ह' न म्हणता 'झिरो'च म्हणतात.

हाक कोणी द्यायची?

पंच नसताना जाळ्याच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय त्या बाजूच्या खेळाडूने द्यायचा असतो. 'आउट' किंवा सर्व्हिस चुकल्यास 'फॉल्ट' ही हाक चेंडू पडताच, प्रतिस्पर्ध्याला ऐकू जाईल अशी हवी. शंका असेल, तर तिचा फायदा प्रतिस्पर्ध्याला द्यायचा. सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला स्पर्शून योग्य चौकोनात पडला, तर 'लेट'. ती सर्व्हिस पुन्हा होते. या 'लेट'चा 'उशीर'शी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'अडथळा' असा होता. शेजारच्या कोर्टवरचा चेंडू घरंगळत आला, तरी हीच हाक देऊन गुण पुन्हा खेळला जातो. चेंडूचा दोनदा टप्पा पडला, तर 'नॉट अप' म्हणतात.

वाद झाला तर

प्रत्येक गुणापूर्वी सर्व्हिस करणाऱ्याने गुणसंख्या मोठ्याने सांगावी, असा संकेत आहे. तो पाळल्यास बहुतेक वाद उद्भवतच नाहीत. तरीही मतभेद झाला, तर कोणता गुण कोणी जिंकला, हे दोघांनी शांतपणे आठवायचे असते. उदाहरणार्थ, एक 'फॉर्टी-थर्टी' म्हणतो आणि दुसरा 'थर्टी-फॉर्टी'. केवळ पहिल्या गुणाबद्दलच दुमत असेल, तर तो वगळून 'थर्टी ऑल'पासून खेळ पुढे सुरू होतो. येथे आपली बाजू मांडण्यासाठी 'आय वन द फर्स्ट पॉइंट' एवढे साधे वाक्य पुरेसे असते. तोडगा निघाला नाही, तर 'कॅन वी कॉल द रेफरी?' असे विचारून स्पर्धेच्या पंचांना बोलावता येते. व्याकरणाच्या भीतीने गप्प राहणे, ही येथे सर्वांत महागडी चूक ठरते.

सामन्यानंतरच्या गप्पा

क्रीडापानाच्या वाचकाला यातील बरेच काही मराठीतून ठाऊक असतेच. 'बिनतोड सर्व्हिस' म्हणजे 'एस', 'सर्व्हिस भेदणे' म्हणजे 'ब्रेक', 'सर्व्हिस राखणे' म्हणजे 'होल्ड', तर टाळता येण्याजोगी चूक म्हणजे 'अनफोर्स्ड एरर'. प्रतिस्पर्ध्याच्या अप्रतिम फटक्याला 'टू गुड' अशी दाद देतात. आपला चेंडू जाळ्याला लागून नशिबाने पलीकडे पडला, तर हात उंचावून 'सॉरी' म्हणण्याची रीत आहे.

एवढे शब्द आत्मसात करायला शिकवणीची गरज नाही. सरावाच्या वेळी प्रत्येक गुण मोठ्याने उच्चारण्याची सवय लावली, तरी काही आठवड्यांत जीभ सैल होते. प्रशिक्षकांनी बॅकहँडइतकेच लक्ष या सवयीकडे दिले, तर लहान गावांतून येणाऱ्या खेळाडूंचा सामना निदान भाषेपाशी तरी अडणार नाही.