गळती पोलिसांच्याच घरात झाली तर?

निफाड तालुक्यातले ओझर साऱ्या देशाला ठाऊक झाले ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या कारखान्यामुळे. मिगपासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमाने इथे बांधली गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने बातम्यांत आले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, एटीएसने, कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला अटक केली. लढाऊ विमानांची आणि प्रतिबंधित क्षेत्राची माहिती त्याने पाकिस्तानच्या आयएसआयला पुरवल्याचा आरोप होता. तीन मोबाइल, पाच सिमकार्डे आणि दोन मेमरी कार्डे जप्त झाली. गुन्हा शासकीय गुपिते अधिनियम, 1923 खाली दाखल झाला.

असा गुन्हा पुढे न्यायालयात टिकतो की नाही, हे बरेचसे कागदावर ठरते. मोबाइल कुणाकडून, किती वाजता, कोणत्या पंचांसमोर घेतला. तो सील कसा केला. मुद्देमालाच्या खोलीतून प्रयोगशाळेत कुणी नेला, या प्रत्येक पायरीची नोंद लागते. एखादी पायरी सुटली, तर बचाव पक्षाचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने यात एक भर घातली. डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात आता त्या फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ द्यावी लागते. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले, तरी हा आकडा बदलतो आणि छेडछाड उघडी पडते.

दुसऱ्याच्या घरातली गळती नोंदवण्याची ही शिस्त पोलिसांच्या अंगवळणी पडलेली आहे. स्टेशन डायरी म्हणजे तर ठाण्याची स्मृतीच. दखलपात्र गुन्ह्याबाबत आलेली प्रत्येक माहिती तिच्यात उतरलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्याच्या निकालात बजावले.

पण गळती पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्याच घरात झाली, तर?

हा प्रश्न हवेतला नाही. मार्च 2021 मध्ये राज्य गुप्तवार्ता विभागातली गोपनीय कागदपत्रे बाहेर गेली आणि मुंबईच्या बीकेसी सायबर पोलीस ठाण्यात अज्ञात व्यक्तींवर गुन्हा दाखल झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि तो बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर झाला. जून 2022 मध्ये ठाणे शहर पोलिसांचे संकेतस्थळ हॅक झाले. मुख्य पानावर हल्लेखोरांचा संदेश झळकला. सप्टेंबर 2024 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवर आभासी चलनाच्या चित्रफिती दिसू लागल्या. हे तिन्ही प्रकार लोकांना कळले, कारण ते लपण्यासारखे नव्हते. एखाद्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरून कुणी तक्रारदारांची यादी उतरवून घेतली, तर तसे काहीच दिसत नाही.

नियम आहेत. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि संगणकांच्या कामकाजाच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. सरकारी कार्यालयेही त्यात आली. मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये सर्ट-इनलाच माहिती अधिकार कायद्यातून वगळण्यात आले. म्हणजे खात्याने घटना कळवली, तरी नागरिकाने तिथे विचारायची सोय जवळपास राहिली नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 कडून अपेक्षा मोठी होती. माहिती फुटली तर या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती फुटली त्यालाही कळवा, असे त्याचे आठवे कलम सांगते. सतरावे कलम मात्र गुन्ह्यांचा तपास, खटले आणि न्यायालयीन काम यांना या कळवण्यातून मोकळे करते. माहिती सुरक्षित ठेवण्याचे बंधन उरते. ती सुटली हे सांगण्याचे उरत नाही. तपास चालू असताना संशयिताला सावध करू नये, हे कारण रास्त आहे. पण अत्याचाराची तक्रार द्यायला आलेल्या बाईचा पत्ता आणि फोन नंबर फुटला, तर तो आरोपीच्या हाती पडण्याआधी तिला कळायला हवे. तिच्यापासून हे लपवल्याने कोणताच तपास वाचत नाही.

आपल्याच घरातली गळती उघडपणे मान्य करणे पोलिसांना अशक्य नाही. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ऑगस्ट 2023 मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरासोबत चुकून एक तक्ता पाठवला. त्याच्या दडलेल्या पानावर दलातल्या सर्व, म्हणजे नऊ हजारांहून अधिक अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे आणि नेमणुका होत्या. सशस्त्र गटांचा धोका असलेल्या त्या प्रदेशात ही जिवावरची चूक होती. दलाने ती त्याच दिवशी जाहीरपणे मान्य केली. स्वतंत्र आढावा डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी माहिती आयुक्तांनी दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

महाराष्ट्राच्या गृह विभागालाही एवढे करता येईल: वर्षभरात पोलीस, कारागृहे आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांतून किती वेळा माहिती फुटली, ती किती दिवसांनी लक्षात आली आणि किती बाधितांना कळवले, याचा तक्ता दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवता येईल. त्यात कुणाचे नाव किंवा तपासातले गुपित लिहावे लागणार नाही.