रॉकेलची वाफ आणि गॅलनला 200 मैलांचं स्वप्न
लेखमाला: इंजिनाची उष्णता – लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण इंधनातल्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला. पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर पडते, जवळपास तेवढीच रेडिएटरमधून हवेत जाते आणि चाकं फिरवायला फार तर पाव हिस्सा उरतो. हे वाचल्यावर एक प्रश्न हमखास मनात येतो. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या या उष्णतेने इंधनाचीच वाफ करून ती इंजिनाला दिली, तर?

ही कल्पना तेलाच्या इंजिनाइतकीच जुनी आहे आणि तिच्यावर लाखो इंजिनं चाललीही. पण तिच्याच आधारावर अचाट मायलेजचे दावेसुद्धा गेली नव्वद वर्षं फिरत आहेत. तिने काय साधलं आणि काय साधणं तिला शक्यच नव्हतं, या दोन गोष्टी आज वेगळ्या करून पाहू.

मुळात द्रव इंधन जळत नाही, जळते ती त्याची वाफ. पेट्रोल 35-40 अंशांपासूनच उकळू लागतं, त्यामुळे त्याची वाफ करायला फार आटापिटा लागत नाही. रॉकेलचं तसं नाही. ते साधारण 150 ते 275 अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळतं. थंड इंजिनात रॉकेलचा फवारा सोडला तर त्याचे थेंब भिंतींना चिकटतात आणि ठिणगी पडूनही पेट घेत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मात्र दिव्यात जाळायचं रॉकेल जगभर मिळत होतं, तर पेट्रोल हा ते गाळताना निघणारा धोकादायक, नकोसा भाग होता. म्हणून इंजिनाला रॉकेल पचवायला शिकवणं हे तेव्हाचं खरं आव्हान होतं.

इंग्लंडमधल्या हल शहरात विल्यम डेंट प्रीस्टमन यांनी 1880 च्या दशकात ते पेललं. त्यांच्या इंजिनात दाबाखालची हवा रॉकेलचा बारीक फवारा करी. हा फवारा थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी एका बंद पात्रात जाई. त्या पात्राभोवती दुहेरी भिंत होती आणि तिच्यामधून इंजिनाचा एक्झॉस्ट फिरवलेला होता. तापलेल्या पात्रात रॉकेलची वाफ होई, हवेत मिसळे आणि मग सिलिंडरमध्ये ओढली जाऊन विजेच्या ठिणगीने पेटे. अडचण एकच होती. इंजिन चालू होईपर्यंत एक्झॉस्ट नाही आणि एक्झॉस्ट नाही तोवर वाफ नाही. म्हणून सुरुवातीला पात्राखाली दिवा पेटवून ते तापवावं लागे. या पद्धतीचा हा दोष आजतागायत गेलेला नाही. उष्णतेची सर्वांत जास्त गरज थंड इंजिन सुरू करताना असते, आणि नेमकी तेव्हाच ती हाताशी नसते.

हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने 1917 मध्ये फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आणला, तेव्हा दिव्याची जागा पेट्रोलच्या छोट्या टाकीने घेतली. मोठी टाकी रॉकेलची. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापू द्यायचं आणि मग तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचा. एक्झॉस्टने तापलेल्या व्हेपरायझरमधून वाफ सिलिंडरकडे जाई. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नधान्याचा प्रश्न बिकट झाला तेव्हा हे ट्रॅक्टर तिकडे हजारांनी पाठवले गेले. पुढे फर्ग्युसनच्या करड्या ट्रॅक्टरांमध्येही रॉकेलसारख्या ट्रॅक्टर-तेलावर चालणारा प्रकार निघाला. त्यात रेडिएटरपुढे पडदा असे. थंडीत तो वर ओढून इंजिन मुद्दाम गरम ठेवायचं, नाहीतर तेल नीट जळत नसे.

आपल्याकडे ओढ्याच्या काठावर ठेवलेला, दोघांनी उचलून नेता येणारा पेट्रोल-रॉकेल पंप ज्यांनी चालवला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. दोरी ओढून पेट्रोलवर सुरू करायचा, चांगला तापेपर्यंत थांबायचं आणि मग कॉक रॉकेलकडे वळवायचा. घाई केली की सायलेन्सरमधून पांढराफट धूर येतो. तो धूर म्हणजे न जळता थेंबांच्या रूपात बाहेर पडणारं रॉकेल. इंजिन अडखळतं, डोळे चुरचुरतात आणि शेवटी बंदच पडतं. बंद करतानाही आधी पेट्रोलवर आणून मग बंद करायचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखत नाही. आणखी एक जपायची गोष्ट म्हणजे ऑईल. न जळलेलं रॉकेल रिंगांच्या फटींतून खाली उतरतं आणि ऑईल पातळ करतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली म्हणून खूश होण्यात अर्थ नसतो. ते ऑईल लगेच बदलायचं असतं.

रॉकेल स्वस्त पडे, पण त्याची किंमत ताकदीत मोजावी लागे. तापलेलं मिश्रण विरळ असतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कमी मावते. शिवाय रॉकेल दाबाखाली लवकर आपोआप पेटून ठोका (नॉक) देतं, म्हणून या इंजिनांचं कम्प्रेशन साधारण चार-पाच पटींवरच ठेवावं लागे. म्हणजे इंजिन तेवढंच, पण काम कमी. तरीही मला ही इंजिनं मोलाची वाटतात. जे इंधन पेटायलाच तयार नव्हतं, त्यावर त्यांनी शेतं नांगरली आणि पाणी उपसलं.

पेट्रोलच्या गाड्यांनाही या उष्णतेचा आधार लागला. कार्ब्युरेटर एक आणि सिलिंडर चार, अशा रचनेत पेट्रोलचे थेंब सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या, भिंतीवरून ओघळत जात. एका सिलिंडरला जास्त पेट्रोल मिळे, दुसऱ्याला कमी. म्हणून कार्ब्युरेटरच्या खालचा भाग एक्झॉस्टला चिकटवून तापता ठेवला जाई. 1926 च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तर कार्ब्युरेटरऐवजी एक्झॉस्टने तापणारा व्हेपरायझरच बसवला गेला. पण उष्णता चुकीच्या जागी पोचली तर तीच घात करते. खंडाळ्याच्या घाटात भर उन्हात बॉनेट उघडून उभी असलेली अ‍ॅम्बॅसॅडर किंवा फियाट आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकणारा ड्रायव्हर, हे दृश्य जुन्या पिढीला नवं नाही. तिथे कार्ब्युरेटरपर्यंत पोचण्याआधीच, वाटेतच पेट्रोलची वाफ झालेली असे.

याच्या अगदी उलट अडचण छोट्या विमानांची. माठातलं पाणी झिरपून उडताना माठ गार होतो, तसं पेट्रोल उडताना कार्ब्युरेटर गार होतो. हवेत दमटपणा असेल तर बाहेर 20 अंश तापमान असतानाही आत बर्फ धरू शकतो आणि हवेची वाट बुजते. म्हणून सेस्ना 150 सारख्या विमानात वैमानिकासमोर एक खुंटी असते. ती ओढली की एक्झॉस्टच्या सायलेन्सरभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरकडे वळते. बर्फ नसेल तर इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात आणि कमीच राहतात, कारण गरम हवा विरळ. बर्फ असेल तर फेरे आधी कमी होतात, इंजिन थोडं थरथरतं आणि बर्फ वितळला की फेरे पुन्हा चढतात. नवशिक्याला हा फरक कानाने ओळखायला शिकवतात, कारण त्यावर जीव अवलंबून असतो.

आता त्या स्वप्नाकडे वळू. कॅनडातल्या विनिपेगचे चार्ल्स नेल्सन पोग यांनी 1930 च्या दशकात एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट्रोलची पूर्ण वाफ करणाऱ्या कार्ब्युरेटरची पेटंटं घेतली. गॅलनला 200 मैल गाडी चालते, अशी त्याची ख्याती पसरली. तेल कंपन्यांनी तो दाबून टाकला, असं आजही अनेक जण मनापासून मानतात. मला त्या विश्वासाशी भांडायचं नाही. गणित मांडू, ते पुरेसं आहे.

लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. ते लिटर गरम करून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे 0.4 मेगाज्यूल लागते, म्हणजे सव्वा टक्का. ही सगळी उष्णता एक्झॉस्टमधून फुकट मिळाली, तरी इंधनात पडलेली भर तेवढीच. ‘पण वाफेमुळे पेट्रोल पूर्ण जळतं,’ असं त्यावर सांगितलं जातं. नीट जुळवलेल्या इंजिनात 95 ते 98 टक्के पेट्रोल तसंही जळतंच. उरलेलं सगळं जाळलं तरी मायलेज चार-पाच टक्क्यांनी वाढेल, चौपट नाही.

दुसऱ्या टोकाकडून बघा. गॅलनला 200 मैल म्हणजे लिटरला निदान 70 किलोमीटर. त्या काळची टन-सव्वा टनाची, चौकोनी अंगाची गाडी ताशी 50 किलोमीटरने सपाट रस्त्यावर नुसती चालती ठेवायलाही रस्ता आणि वारा मिळून सुमारे 300 न्यूटनचा विरोध सोसावा लागतो. 70 किलोमीटरला ते काम होतं 21 मेगाज्यूल. म्हणजे 32 पैकी 21 मेगाज्यूल थेट चाकांवर पोचायला हवेत, जवळपास 65 टक्के. आजची उत्तमातली उत्तम हायब्रिड गाड्यांची पेट्रोल इंजिनंही 50 टक्क्यांच्या आतच थांबतात. वाया जाणारी ऊर्जा इंधन जळून गेल्यानंतरची आहे. जळण्याआधी त्याची वाफ करून ती परत मिळत नाही.

थोडा फायदा मात्र खरा आहे. पूर्ण वाफ झालेलं, एकजीव मिश्रण त्यातलं पेट्रोल थोडं कमी करूनही पेटतं आणि त्यातून काही टक्के बचत होते. अमेरिकेतले रेसिंग गाड्यांचे नामवंत कारागीर स्मोकी युनिक यांनी 1980 च्या दशकात पाँटियॅक फिएरो गाडीत असं गरम वाफेवरचं इंजिन बसवलं होतं. कारखान्यात मात्र ते कधी तयार झालं नाही. इतकं तापलेलं मिश्रण ठोक्याच्या अगदी काठावर चालतं, आणि रोजच्या वापरातल्या गाडीला तो काठ परवडत नाही. दरम्यान इंजेक्टर आले, मिश्रण मोजूनमापून मिळू लागलं आणि मॅनिफोल्ड तापवण्याची गरजच संपत गेली.

पण हे सगळं पेट्रोलबद्दल. अल्कोहोल आलं की आकडे बदलतात. उसाच्या मळीपासून निघणारं इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याची वाफ करायला किलोमागे पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते, आणि एक किलो हवेमागे हिशेब केला तर चौपटीहून जास्त. म्हणूनच शुद्ध इथेनॉलवर धावणाऱ्या ब्राझीलच्या गाड्यांमध्ये थंडीत सुरू करण्यासाठी पेट्रोलची छोटी टाकी असे. फोर्डसनची युक्तीच तिथे कामी आली. 2009 मध्ये फोक्सवॅगनने तिथल्या पोलो गाडीत इथेनॉल विजेवर तापवायची सोय केली, तेव्हापासून ती टाकी हळूहळू हद्दपार झाली.

मिथेनॉलच्या बाबतीत तर एक्झॉस्टची उष्णता खरोखर इंधनात भर घालते. योग्य उत्प्रेरकावर, 250-300 अंशांना मिथेनॉलची नुसती वाफ होत नाही. त्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. या क्रियेत शोषलेली उष्णता तयार झालेल्या वायूत रासायनिक ऊर्जा म्हणून साठते आणि जळताना परत मिळते. द्रव मिथेनॉलच्या तुलनेत ही भर सुमारे 20 टक्के. पेट्रोलचा सव्वा टक्का इथे वीस होतो, कारण इथे रेणूच बदलतो. अडचणीही तेवढ्याच खऱ्या आहेत. वायू जागा खातो आणि हवेला जागा कमी उरते, कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उत्प्रेरकाचं पात्र तेवढ्याच चपळाईने साथ देत नाही. शिवाय सकाळी इंजिन थंड असताना पात्रही थंडच असतं.

पुढच्या आठवड्यात या पात्राच्या आत शिरू: तांब्यावर आधारलेला उत्प्रेरक काय करतो आणि शहरातल्या गर्दीत थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीपेक्षा एकाच वेगाने तासन् तास चालणाऱ्या जनरेटरला तो जास्त का मानवतो.