कुकी : विसराळू सर्व्हरचा बिल्ला

देवळात जाताना चपला बाहेर ठेवल्या, की तेथील माणूस आपल्या हातात एक बिल्ला देतो. त्यावर केवळ आकडा असतो. परत येऊन तो दाखवला की आपल्याच चपला मिळतात. तो माणूस आपल्याला ओळखत नाही. तो ओळखतो बिल्ल्याला. संकेतस्थळ उघडताच ‘कुकी स्वीकारा’ अशी सूचना दिसते, त्यातील कुकी म्हणजे असाच एक बिल्ला होय.

त्याची गरज का पडते? संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर साठवलेले असते, त्याला सर्व्हर म्हणतात. आपला ब्राउझर त्याच्याकडे पान मागतो, सर्व्हर ते पाठवतो आणि व्यवहार संपतो. ही देवघेव ज्या ‘एचटीटीपी’ नियमांनी चालते, त्यांत मागची आठवण ठेवण्याची सोयच मुळात नव्हती. मग एका पानावर पुस्तक निवडणारा आणि दुसऱ्या पानावर पैसे भरणारा एकच आहे, हे सर्व्हरला कळावे कसे? 1994 साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने उत्तरासोबत एक छोटा मजकूर पाठवावा, ब्राउझरने तो जपून ठेवावा आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना दाखवावा. हा मजकूर साधारणपणे 4096 बाइटच्या आत असतो. तो प्रोग्रॅम नव्हे. त्यामुळे तो स्वतः आपल्या संगणकात शोधाशोध करू शकत नाही.

मग भीती कशाची? कल्पना करा, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांचे दुकान, लक्ष्मी रस्त्यावरील कापडाचे दुकान आणि तुळशीबागेतील भांड्यांचे दुकान, या तिन्ही ठिकाणी एकाच कंपनीची माणसे बसली आहेत. पहिल्या दुकानात त्यांनी तुम्हाला बिल्ला दिला; पुढच्या प्रत्येक दुकानात ती तो पाहतात आणि तुम्ही काय न्याहाळले ते एकाच वहीत लिहितात. इंटरनेटवर नेमके हेच घडते. पानावरील जाहिरात पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ती मागताना ब्राउझर त्या कंपनीची कुकी दाखवतो आणि आपण कोणत्या संकेतस्थळावर आहोत हेही बहुधा कळवतो. अशा कुकीला ‘त्रयस्थ कुकी’ म्हणता येईल.

यासाठी नावाची गरज नसते. 10 अंकी आकड्यांनी 1000 कोटी वेगवेगळे बिल्ले तयार होतात, आणि जगाची लोकसंख्या आहे सुमारे 800 कोटी! एखाद्याने एका आजाराविषयी चार ठिकाणी वाचले, तर घरच्यांना ठाऊक नसलेली गोष्ट त्या वहीत नोंदली जाऊ शकते. म्हणजे दोष बिल्ल्याचा नसून वहीचा आहे.

या वहीला आळा घालण्याचे प्रयत्न दोन बाजूंनी चालू आहेत. सफारी व फायरफॉक्स या ब्राउझरांनी त्रयस्थ कुकींची वाट बव्हंशी अडवली आहे. दुसरी बाजू कायद्याची. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यातील मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्यांचे घराणे पुणे जिल्ह्यातील कनेरसरचे. पुढे 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. 18 वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास, काही अपवाद वगळता, या कायद्यात मनाई आहे. म्हणजे ही तरतूद थेट तुमच्यासाठीच आहे.

आता एक प्रयोग करा. एखाद्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात प्रवेश करा. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या संकेतस्थळाच्या कुकी पुसा आणि पान पुन्हा उघडा. बहुधा सर्व्हर तुम्हाला पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारील. बिल्ला हरवला, ओळखही हरवली! तेथेच त्रयस्थ कुकी बंद करण्याची सोय आहे का, तेही शोधून पाहा.