कारागिराचे हत्यार आणि त्याची मांडणी



‘टेक्स्ट एडिटर’ हा आमच्या भाषणाचा विषय जाहीर झाला, तेव्हा एका वयोवृद्ध स्नेह्यांनी आम्हांस विचारले, ‘हे कोणत्या वर्तमानपत्राचे संपादक?’ प्रश्न अगदी रास्त होता. ज्या वस्तूवर आपल्या उपनगरांतील हजारो मुलामुलींचे पोट अवलंबून आहे, तिचे नावही आईबापांच्या कानांवरून गेलेले नसते. अंधेरीच्या पूर्वेस 1973 साली ‘सीप्झ’ची वसाहत उभी राहिली. आज बोरिवलीहून आणि मुलुंडहून सकाळच्या गाडीला लोंबकळत तिकडे जाणारी आपली मुले तेथे नेमके काय करतात, हे समजून घेण्याचा हक्क आपणांस आहेच. आणि ते समजण्यास पदवी लागत नाही. आम्हीही पदवीधर नाही. जे शिकलो ते कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत शिकलो.

संगणकास काय करावयाचे ते पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. त्या लिखाणास प्रोग्राम म्हणतात. हे लिखाण म्हणजे साधा मजकूर असतो. त्यात रंगीत मथळे नाहीत की नक्षी नाही. तो लिहावयाचे, तपासावयाचे आणि दुरुस्त करावयाचे जे साधन, त्याचे नाव टेक्स्ट एडिटर. सुताराला जसा रंधा, तसा प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा एडिटर.

आता मांडणी म्हणजे काय ते सांगतो. तरुणपणी आम्ही मुलुंडच्या एका कारखान्यात टर्नर होतो. लेथ मालकाची, परंतु लेथवर लावावयाचे टूल ग्राइंडरवर घासून घेणे हे टर्नरचे काम. पितळेला टूलचा माथा सपाट लागतो, पोलादाला त्यास मागे उतार द्यावा लागतो. जो तो आपल्या हाताच्या सवयीप्रमाणे टूल घाशी आणि दुसऱ्याच्या टूलला सहसा हात लावीत नसे. यंत्र एकच, पण त्यातून निघणारे काम माणसागणिक निराळे. एडिटरचेही असेच आहे. त्याच्या सवयी एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेल्या असतात. ‘सेट नंबर’ एवढी एक ओळ लिहिली की ‘विम’ नावाच्या एडिटरात प्रत्येक ओळीपुढे क्रमांक दिसू लागतो. अशा चाळीसपन्नास ओळींची फाईल म्हणजे त्या कारागिराची हत्यारपेटी. नोकरी बदलली तरी ती बरोबर नेता येते.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात 1976 साली बिल जॉय या विद्यार्थ्याने ‘व्हीआय’ हा एडिटर रचला. त्याच वर्षी तिकडे एमआयटी या संस्थेत ‘ईमॅक्स’चा जन्म झाला. त्याचे नावच मुळी ‘संपादनाच्या छोट्या आज्ञांचा संच’ अशा अर्थाचे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 साली ईमॅक्सची मुक्त आवृत्ती सर्वांस खुली केली. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी 1991 साली ‘विम’ प्रसिद्ध केला आणि 2023 साली निधन होईपर्यंत तो सांभाळला. ते विमचे मूल्य मागत नसत. आवडल्यास युगांडातील अनाथ मुलांसाठी काही द्या, एवढेच सांगत. पुढे 2015 साली मायक्रोसॉफ्टने ‘व्हीएस कोड’ आणला आणि आज बहुतेक तरुण मुले तोच वापरताना दिसतात.

मूळ एडिटरास बाहेरून जोडलेल्या लहान साधनास ‘प्लगिन’ म्हणतात. लेथला जशी अटॅचमेंट, तशी एडिटरला ही जोड. एक जोड कंस जुळवून दाखविते, दुसरी चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढते, तिसरी ओळींची मांडणी नीट करून देते. यातील एक सुधारणा समजून घेण्यासारखी आहे. समजा, प्रोग्रामच्या दहा भाषा आहेत आणि एडिटर आठ आहेत. प्रत्येक एडिटरास प्रत्येक भाषा शिकवावयाची तर ऐंशी जोड्या रचाव्या लागतील. म्हणून 2016 साली एक सामाईक करार जाहीर झाला. प्रत्येक भाषेने आपला एकच जाणकार मदतनीस तयार करावा आणि प्रत्येक एडिटरने त्याच्याशी ठरलेल्या रीतीने बोलावे. मग दहा अधिक आठ, म्हणजे अठरांत काम भागते. युनियनमध्ये आम्ही याला सामुदायिक वाटाघाट म्हणतो! प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वतंत्र बोलत बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक रीत ठरविली, की दुबळ्या भाषेसही न्याय मिळतो.

कोणी म्हणेल, युनियनवाल्याला हा उद्योग कशाला? त्याचे कारण घडले ते असे. आमच्या कचेरीत सभासदांची यादी आणि अर्ज पुष्कळ वर्षे संगणकावर टाइप होत. त्या काळचे मराठी फॉन्ट फसवे होते. आत साठविलेले अक्षर इंग्रजी, वर दिसणारे रूप तेवढे मराठी. संगणक बदलला, तो फॉन्ट गेला, आणि यादी उघडावी तो नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! नेमका त्याच वेळी एका दिवंगत सभासदाच्या पत्नीचा ग्रॅच्युइटीचा दावा आमच्याकडे होता. नोकरी कधी लागली, मध्ये खंड पडला का, सारे त्या फायलींत अडकलेले. त्या बाईंनी घरातील ट्रंक उपसून जुन्या पगारचिठ्ठ्या आणल्या तेव्हा दावा उभा राहिला. पण यात तीन महिने गेले. ती चूक आमची होती. मजकूर कोणत्या रूपात ठेवावा हा केवळ कारकुनी प्रश्न नसून त्यात माणसाची भाकरी असते, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

यावर उपाय होता युनिकोडचा. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक आहे. ‘क्षि’ हे दिसावयास एक अक्षर. पण आत क, हलन्त, ष आणि इकार असे चार क्रमांक ओळीने ठेवलेले असतात. ज्यांची विक्रोळीची वसाहत आपण रोज गाडीतून पाहतो त्या गोदरेजने 1955 साली देशी टाइपरायटर बाजारात आणला. त्यांचे टाइपरायटरचे उत्पादन 2009 साली बंद झाले. पण त्यावर शिकलेली बोटे अजून तीच कळ शोधतात. 1986 साली सरकारने ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची कळांची रचना ठरविली. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. ईमॅक्समध्ये ही रचना आधीपासूनच आहे. इतर ठिकाणी संगणकाच्या सेटिंगमधून ती मिळते.

आमच्या एका जुन्या सोबत्याची मुलगी पवईला प्रोग्राम लिहिण्याचे काम करते. तिने आम्हांस रविवारी रविवारी शिकविले. ती म्हणाली, ‘काका, जे वाक्य तुम्ही दहादा लिहिता ते अकराव्यांदा लिहू नका.’ मग तिने एडिटरमध्ये अशी सोय केली की ‘ग्रा’ लिहून एक कळ दाबली, की ग्रॅच्युइटीच्या दाव्याचा सारा मसुदा उमटतो आणि नाव, शेवटचा पगार व वर्षे यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या राहतात. हिशेबाची रीत अशी: शेवटचा पगार, म्हणजे मुख्यतः मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्यास पंधराने गुणून सव्वीसने भागावयाचे आणि वर्षांनी गुणावयाचे. सव्वीस हजार पगार व वीस वर्षे नोकरी असेल तर तीन लाख. हा मसुदा एकदा वकिलाकडून तपासून घेतला. आता सूत्र लिहिताना चूक होत नाही.

इतके झाल्यावर आम्हांस लोभ सुटला. रंगीत पडदा हवा, घड्याळ हवे, असे करीत बत्तीस जोडण्या लावल्या. एके संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुनावणी असताना, एडिटर अडखळू लागला. मुलगी फोनवर हसली आणि म्हणाली, ‘काका, निम्म्या बंद करा.’ दोष राहिला तर तो उरलेल्या सोळांत. गेला तर बंद केलेल्या सोळांत. मग आठ, चार, दोन, एक. पाच खेपांत चोर सापडला. चाळीतील शॉर्टसर्किट वायरमन असेच शोधतो. त्या रात्री आम्ही पंचवीस जोडण्या काढून टाकल्या. त्यांची उणीव अद्याप भासलेली नाही.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. पहिली: प्लगिन हा घरात घेतलेला पाहुणा आहे. व्हीएस कोडसारख्या एडिटरात जोडलेले प्लगिन, एडिटरला जे वाचता येते ते सर्व वाचू शकते. म्हणून ते कोणी रचले, किती दिवस सांभाळले, हे पाहूनच घ्यावे. अलीकडे पुढची ओळ आपोआप सुचविणाऱ्या जोडण्या आल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळांत आपला मजकूर दूरच्या संगणकाकडे जातो. सभासदांची यादी उघडलेली असताना आम्ही तशी जोडणी ठेवीत नाही. दुसरी: हत्यार कोणाच्या मालकीचे ते विसरू नये. ‘अ‍ॅटम’ हा एडिटर अनेकांचा आवडता होता. तो चालविणारी गिटहब कंपनी 2018 साली मायक्रोसॉफ्टने घेतली आणि 2022 च्या डिसेंबरात अ‍ॅटम बंद झाला. ज्यांनी आपला मजकूर व सेटिंग साध्या रूपात ठेवली होती, ते दुसरीकडे गेले. बाकीच्यांची बरीच मेहनत वाया गेली.

येथे आमच्या चळवळीचा प्रश्न येतो. अनेक कचेऱ्यांत कोणते प्लगिन लावावे हे वरून ठरते. गुपिते फुटण्याची मालकास भीती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. परंतु दिवसाचे आठदहा तास ज्याच्या मनगटावर ताण पडतो, ज्याच्या डोळ्यांना अक्षर बारीक पडते, त्याला विचारल्यावाचून ही यादी करू नये. यादी करणाऱ्या समितीत काम करणारा माणूस असावा, एवढीच मागणी आहे. टूल कसे घासावे हे टर्नरला विचारून जो कारखाना चाले, त्याचा माल परत येत नसे; हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा घरातील मुलगा वा मुलगी रात्री संगणकापुढे बसून एडिटरची मांडणी करीत असेल, तर ‘वेळ फुकट घालवतोस’ म्हणण्यापूर्वी जवळ बसून थोडे विचारावे. तो बहुधा आपले हत्यार घाशीत असेल. आणि फारच वेळ घाशीत बसला असेल, तर त्याला आमच्या बत्तीस जोडण्यांची गोष्ट सांगावी. धार हवी, पण ती कामासाठी. दिवसभर धारच लावणाऱ्याच्या हातून जॉब होत नाही. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.